पायांना आधी कळतं

पाठ दुखते म्हणून आलेला माणूस तपासणीच्या टेबलावर उताणा पडलेला असतो. तो स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. पायांची काही तक्रार आहे का, असं विचारलं तर तो नाही म्हणतो. डॉक्टर किल्लीच्या बोथट टोकाने त्याच्या तळपायावर एक रेघ ओढतात, टाचेकडून बाहेरच्या कडेने करंगळीच्या बुडापर्यंत आणि तिथून आडवी अंगठ्याकडे. धडधाकट प्रौढ माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. या माणसाचा अंगठा सावकाश वर उचलला जातो. मग डॉक्टर त्याचं पाऊल झटक्याने वर ढकलून तसंच धरून ठेवतात, आणि घोटा त्यांच्या हातात आपोआप थडथड उडत राहतो.

अंगठा वर जाण्याच्या या खुणेबद्दल पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी फेब्रुवारी १८९६ मध्ये एक छोटंसं टिपण सादर केलं. मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या तंतूंच्या वाटेत कुठेतरी अडथळा आला आहे, हे ती खूण सांगते. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत. दोन मिनिटं लागतात, आणि रुग्णाला चपला-मोजे काढायला सांगण्याची तयारी लागते.

टेबलावरच्या माणसाच्या बाबतीत हा अडथळा मणक्याच्या क्षयाचा आहे. या आजाराने येणाऱ्या पांगळेपणाच्या चार पायऱ्या भारतीय अस्थिशल्यचिकित्सक मानतात. १९६०च्या दशकात ही मांडणी पुढे आली आणि वाराणसीच्या डॉ. एस. एम. तुली यांच्यासारख्या शिक्षकांनी ती रूढ केली. चौथ्या पायरीवर पाय पूर्ण गेलेले असतात, निम्म्याहून अधिक संवेदना हरवलेली असते, लघवी-शौचावर ताबा नसतो. तिसऱ्या पायरीवर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो. दुसऱ्या पायरीवर पाय अडखळतात, पण आधाराने चालता येतं. आणि पहिल्या पायरीवर रुग्णाला काहीच जाणवत नाही. बिघाड फक्त तपासणाऱ्याला सापडतो. टेबलावरचा तो माणूस या पहिल्या पायरीवर आहे. इथे ओळखला गेला तर तो बहुधा आयुष्यभर चालत राहील. इथून परत पाठवला गेला तर उरलेल्या तीन पायऱ्या त्याची वाट पाहत आहेत.

मेंदूच्या झटक्यात असा अवसर मिळत नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते. मणक्याचा क्षय मात्र आठवडे आणि महिने देतो. आपल्याकडे या आजाराने जे लोक पांगळे होतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत हे महिने कुणीतरी वाया घालवलेले असतात. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

पॉट यांचं निरीक्षण

हा आजार माणसाइतकाच जुना असावा. इजिप्तमधल्या ममींच्या वाकलेल्या कण्यांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. पण कण्याचं कुबड आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड स्वच्छपणे घातली ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी, १७७९ मध्ये. आजही या आजाराला ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात. पॉट यांचं बारीक निरीक्षण असं होतं की या रुग्णांचे पाय सैल पडत नाहीत, उलट ताठरतात. मज्जारज्जूवर दाब आला की पायांतले स्नायू आखडतात, हे आज वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या वर्षात शिकतो. पॉट यांना जंतू ठाऊक नव्हता; क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. तरीही दोष निव्वळ वाकडेपणाचा नाही, हाडं आतून कुजत आहेत, हे त्यांनी ताडलं होतं.

जंतू कण्यात पोचतो तो रक्तातून. मूळ ठिकाण बहुतेकदा फुप्फुस असतं, पण तिथला आजार कधीच ओसरलेला असू शकतो. त्यामुळे खोकला नाही म्हणून क्षय नाही, ही समजूत इथे घात करते. कण्याच्या प्रत्येक पातळीवरची धमनी एका मणक्याचा खालचा भाग आणि त्याखालच्या मणक्याचा वरचा भाग अशा दोघांना रक्त पुरवते. म्हणून आजार चकतीच्या दोन्ही बाजूंना एकदमच सुरू होतो. मणक्याचा पुढचा, भार पेलणारा भाग पोखरला जातो आणि कणा पुढे झुकायला लागतो. पाठीवरून बोट फिरवलं तर एखादा मणका टोचल्यासारखा वर आलेला लागतो. पू साचतो, पण त्यावर गरमपणा किंवा लाली नसते. जुने डॉक्टर त्याला थंड गळू म्हणतात. कंबरेच्या मणक्यातला पू स्नायूंच्या आवरणातून खाली उतरून चक्क जांघेत गाठ होऊन प्रकटतो.

हाडा-सांध्यांचा क्षय हा एकूण क्षयरुग्णांतला थोडा हिस्सा. त्यातला निम्मा मणक्यांचा. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अनुभवांत अशा रुग्णांपैकी १० ते ४० टक्क्यांच्या आसपास लोकांच्या पायांची किंवा हातापायांची ताकद कमी झालेली आढळते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा भाग भारतात आहे, हे लक्षात घेतलं की या टक्क्यांमागे किती घरं आहेत याची कल्पना येते.

छातीच्या मागचा कणा यात सर्वाधिक धोक्याचा. तिथली नळी अरुंद, रज्जूला रक्तपुरवठा तोकडा, आणि आजारालाही छातीचा खालचा भाग विशेष मानवतो. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो. त्यामुळे कंबरेतला आजार पायांना त्या मानाने सोडून देतो. छातीमागचा सोडत नाही.

वाया गेलेले महिने

या रुग्णांची वाट ठरलेली असते. सुरुवात होते पाठीत चमक भरण्याने. उसण भरली म्हणून कुणी चोळून देतं, कुणी शेक देतं. औषधाच्या दुकानातून गोळी येते. गोळीने चार तास बरं वाटतं, म्हणून ती महिनाभर चालते. मग कुणी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून पट्टा देतं, कुणी कॅल्शियम देतं. हाडवैद्याकडे कणा ‘बसवून’ घेतला जातो. पोखरलेल्या मणक्यावर असा दाब पडणं फार घातक ठरू शकतं. साधा एक्स-रे काढला जातो आणि तो नॉर्मल येतो, कारण मणक्याचा बराचसा भाग झिजल्याशिवाय एक्स-रेवर काही उमटत नाही. त्या नॉर्मल एक्स-रेच्या भरवशावर आणखी दोन महिने जातात.

पाठ दुखणं हाच ज्यांच्या कामाचा भाग आहे, त्यांना हे कळणं आणखी अवघड. बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोड करणारी बाई, मार्केट यार्डातला हमाल, भातलावणीला दिवसभर वाकलेली कोकणातली शेतकरीण यांनी पाठदुखीची तक्रार केली तर घरचेही ती कामाच्या खात्यात टाकतात. बाळंतपणानंतर दुखणारी पाठ ‘आता दुखायचीच’ म्हणून सोडून दिली जाते. पण आजार श्रमाच्या पाठीवरच येतो असंही नाही. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं त्या काळात त्यांना मणक्याचा क्षय झाला होता, आणि बसणंही वेदनादायक असल्याने ते वेदनाशामक गोळ्या घेऊन चित्रीकरण करत होते. उपचार पूर्ण करून ते बरे झाले. उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसालाही जे दुखणं गोळ्यांवर रेटावं लागतं, ते गावातल्या माणसाने किती काळ रेटलं असेल?

आणि तरीही शरीर खुणा देत असतं. श्रमाने दुखणारी पाठ रात्री आडवं झाल्यावर निवते. ही पाठ रात्री अधिक दुखते. लहान मूल झोपेत किंचाळून उठतं, कारण जागेपणी स्नायू आवळून कण्याला सांभाळतात आणि झोपेत ते सैल होतात. जमिनीवरचं नाणं उचलायला सांगितलं तर असं मूल कंबरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसतं. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, मंदावलेली भूक ही लक्षणं असली तर मदतच होते, पण कित्येकांत ती नसतातच. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं ही मणक्यातून निघणाऱ्या नसेची तक्रार असते. तिच्यावर पित्ताच्या गोळ्या चालू राहतात.

पुढच्या खुणा पायांच्या. चालताना चपला निसटतात आणि निसटल्याचं कळत नाही. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. जिना उतरताना पाय दगा देतील असं वाटतं. आजार मानेत असेल तर शर्टाची बटणं लावणं, पोळी लाटणं अवघड होतं. लघवीला जाऊन थांबावं लागतं, धार सुरू व्हायला वेळ लागतो. यांतली कोणतीही खूण दिसली की पुढची तपासणी आठवड्यांवर नाही, दिवसांवर यायला हवी; लघवी अडली असेल तर त्याच दिवशी.

‘पुन्हा चालेल का?’

एमआरआय होतो. पू दिसतो, दबलेला रज्जू दिसतो. आणि घरचे विचारतात तो प्रश्न एकच असतो. त्याचं उत्तर देण्याइतकं ज्ञान आज वैद्यकाकडे आहे, आणि त्यात भारतीय डॉक्टरांचा वाटा मोठा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रज्जू हळूहळू येणारा दाब आश्चर्यकारक रीतीने सोसतो. दिल्लीचे डॉ. अनिल जैन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कण्याच्या नळीची सुमारे तीन चतुर्थांश जागा व्यापली गेली तरी काही रुग्णांची ताकद शाबूत असते. म्हणून केवळ चित्रात दाब भयंकर दिसतो एवढ्यावरून आशा सोडायची नसते, आणि चित्रात दाब कमी आहे म्हणून निर्धास्तही राहायचं नसतं. रज्जूला रक्त देणारी धमनी सुजून बंद पडली तर दाब नसतानाही पाय जातात.

दुसरी गोष्ट, दाब कशाचा आहे. पातळ पुवाचा असेल तर तो औषधांनी किंवा काढून टाकल्याने लवकर हटतो. घट्ट वाढलेल्या ऊतींचा, मेलेल्या हाडाच्या तुकड्यांचा किंवा सरकलेल्या चकतीचा असेल तर अवघड. तिसरी, रज्जूची स्वतःची अवस्था. तो सुजलेला पण आकाराने शाबूत असेल तर बरा होण्याची शक्यता चांगली. तो आक्रसला असेल, आत मऊ पडला असेल किंवा त्यात पोकळी झाली असेल तर सुधारणा अपुरी राहते. याखेरीज वय कमी, ताकद जायला लागून थोडेच दिवस झालेले, ती हळूहळू गेलेली आणि कण्याचा बाक सौम्य, या सगळ्या जमेच्या बाजू.

एक तपासणी संकोचापोटी राहून जाते, ती म्हणजे गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि तिथल्या स्नायूचा आवळ. पाय पूर्ण लुळे असूनही तिथे स्पर्श कळत असेल, तर रज्जूतून काही तंतू अजून पार होत आहेत असा त्याचा अर्थ होतो. ही तपासणी केल्याशिवाय ‘आता काही होणार नाही’ असं कुणाला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

परतीचाही एक क्रम असतो. साधारणपणे आधी हाडावर ठेवलेल्या कंपनकाट्याची थरथर आणि सांध्याची स्थिती कळू लागते, मग गरम-थंड, स्पर्श, वेदना. त्यानंतर मनाप्रमाणे पाय हलतो. लघवी-शौचाचा ताबा आणि वाळलेले स्नायू सर्वांत शेवटी. हा क्रम घरच्यांना समजावून सांगितला तर पहिल्या महिन्यात ‘पाय तर हलत नाही’ म्हणून औषध सोडणारे थांबतील. बोट वर की खाली हे डोळे मिटून ओळखता येणं, हीच त्या महिन्यातली प्रगती असते.

कापायचं की थांबायचं

या आजाराच्या शस्त्रक्रियेचा इतिहास उतावीळपणाचा आणि सावरण्याचाही आहे. फ्रान्समध्ये व्हिक्टर मेनार यांनी १८९४ मध्ये बरगडीच्या बाजूने शिरून मणक्यापुढचा पू काढला. रुग्णांचे पाय परतले. पण प्रतिजैविकांआधीच्या त्या काळात जखमा वाहत राहिल्या, दुसरे जंतू शिरले, आणि मेनार यांनी तो मार्ग सोडला. नंतर बऱ्याच ठिकाणी मणक्याची मागची कमान काढून रज्जू ‘मोकळा’ करण्याची पद्धत चालली. आजार पुढच्या बाजूला असतो आणि मागची कमान हाच उरलेला निरोगी आधार असतो; तोच काढल्यावर कणा अधिक कोसळायचा. बाकी होता तो विश्रांतीचा मार्ग, म्हणजे प्लास्टरच्या साच्यात वर्षानुवर्षं पडून राहणं, स्वच्छ हवा, ऊन. मिरजेजवळच्या वानलेसवाडीपासून पाचगणीपर्यंत उभ्या राहिलेल्या आरोग्यधामांमागे हाच विचार होता.

क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झालं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये आलं, आणि चित्र पालटलं. हाँगकाँगमध्ये आर्थर हॉजसन आणि फ्रान्सिस स्टॉक यांनी १९५६ मध्ये छाती उघडून थेट आजारी मणक्यापर्यंत जाणारी, सगळं कुजलेलं काढून तिथे हाडाचा तुकडा बसवणारी शस्त्रक्रिया मांडली. ती प्रभावी होती, पण ती सर्वांवर करायला लागणारी रुग्णालयं गरीब देशांत कुठून आणायची? म्हणून ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने कोरिया, ऱ्होडेशिया, हाँगकाँग आणि पुढे मद्रास इथे तुलनात्मक चाचण्या घेतल्या. कोरियातल्या मासानमध्ये सहा महिने झोपवून ठेवलेले रुग्ण आणि हिंडत-फिरत औषधं घेणारे रुग्ण यांच्या निकालात फायद्याचा फरक निघाला नाही. पुसानमध्ये प्लास्टरच्या जाकिटाचाही उपयोग दिसला नाही. आजार बरा करत होती ती नियमित घेतलेली औषधं. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेने कण्याचा बाक मात्र कमी राहत होता. चालता न येणारे रुग्ण या मुख्य चाचण्यांत घेतलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

त्या रुग्णांसाठी वाट काढली ती तुली यांनी. काशी हिंदू विद्यापीठातल्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये मध्यममार्ग मांडला. त्यानुसार सर्वांना औषधं द्यायची आणि शस्त्रक्रिया फक्त गरज असेल तिथे करायची. पाय गेलेल्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण केवळ औषधांनी आणि विश्रांतीने सुधारले, असं त्यांनी दाखवलं. गरज कशाला म्हणायचं याचे निकष आजही बऱ्याच अंशी तेच आहेत. तीन-चार आठवडे औषधं घेऊनही पाय सुधारत नाहीत, औषधं चालू असताना ताकद नव्याने जाते किंवा आणखी घटते, पांगळेपणा झपाट्याने किंवा तीव्र स्वरूपात येतो, लघवीवरचा ताबा जातो, कणा अस्थिर होतो किंवा बाक वाढत जातो, तर शस्त्रक्रिया करायची.

आज बहुतेक शल्यचिकित्सक पाठीच्या बाजूने शिरून, टायटॅनियमचे स्क्रू आणि सळया बसवून कणा स्थिर करतात आणि त्याच वाटेने रज्जू मोकळा करतात. क्षयाचे जंतू धातूला धरून राहण्यात कमजोर असल्याने औषधांच्या छत्राखाली हे सुरक्षित ठरलं आहे. मान आणि कवटीच्या सांध्याशी कणा निसटत असेल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली पहिल्या-दुसऱ्या मणक्याला स्क्रूंनी जोडण्याची पद्धत जगभर वापरली जाते. पुढे जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी तिच्यात बदल केले, आणि आज ती गोयल-हार्म्स तंत्र म्हणून शिकवली जाते.

सुईचा आग्रह

चित्र क्षयासारखं दिसतंय म्हणून औषधं सुरू करणं हा आजचा मोठा धोका आहे. कर्करोगाच्या गाठी, मायलोमा, साधे पू करणारे जंतू, गुरांकडून येणारा ब्रुसेलोसिस हे सगळे मणक्यात क्षयाची सोंगं घेतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे औषधांना न जुमानणारा क्षय. मुंबई त्याचं एक केंद्र आहे. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा २०१२च्या सुरुवातीला देशभर खळबळ उडाली होती. अशा जंतूवर नेहमीच्या गोळ्या चालू ठेवणं म्हणजे उपचार चालू आहे या समजुतीत पाय गमावणं.

म्हणून सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली मणक्यात सुई घालून नमुना काढायलाच हवा. तो सूक्ष्मदर्शकाखाली, जंतूंच्या वाढीसाठी आणि जनुकीय चाचणीसाठी अशा तिन्ही वाटांनी जायला हवा. जनुकीय चाचणी काही तासांत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो बधतो का हे सांगते. यातली ट्रूनॅट ही बॅटरीवर चालणारी चाचणी गोव्यातल्या वेर्णे इथल्या मोलबायो कंपनीने घडवली आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. मणक्यातल्या नमुन्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे एक अहवाल निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असं ठरत नाही.

नेहमीच्या औषधांना जुमानणाऱ्या मणक्याच्या क्षयाला केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा महिने औषधं लागतात, गरज पडल्यास त्याहून जास्त. गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात. क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ऊसतोडीला किंवा बांधकामावर दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्याला त्याच्या निक्षय नोंदणीच्या क्रमांकावर तिथेही औषधं घेता येतात. हे निघण्याआधी त्याला कुणीतरी सांगायला हवं. बारा महिन्यांतला धोक्याचा काळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतो, कारण तेव्हा वेदना गेलेली असते. आयसोनियाझिडमुळे तळपायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून त्यासोबत पायरिडॉक्सिन द्यायचं असतं. एथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर किंवा रंग ओळखणं बिघडलं तर लगेच कळवायचं असतं. या दोन सूचना कागदावर मराठीत लिहून दिल्या तर कितीतरी लोक औषधं अर्ध्यात टाकणार नाहीत.

बरं झाल्यानंतरचा पांगळेपणा

औषधं संपली, जंतू मेला, प्रकरण मिटलं, असं इथे नेहमीच होत नाही. वाळवी गेली म्हणून वाकलेलं आढं सरळ होत नाही. कोसळलेल्या मणक्यांचा कोन रज्जूला पुढून टोचत राहतो, आणि आजार बरा झाल्यावर दहा-वीस वर्षांनी, ऐन कर्त्या वयात, पाय ताठरू लागतात. त्या अवस्थेत शस्त्रक्रिया अवघड आणि निकाल अनिश्चित. हा उशिराचा पांगळेपणा टाळण्याची वेळ असते ती बालपणीची.

कोइम्बतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी मद्रासच्या चाचण्यांतल्या मुलांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की आजार बरा झाल्यानंतरच्या वाढीच्या काळात ४४ टक्के मुलांचा बाक आपोआप कमी झाला, १७ टक्क्यांचा तसाच राहिला आणि ३९ टक्क्यांचा वाढत गेला. कोणाचा वाढेल, हे साध्या एक्स-रेवरच्या चार खुणा सांगतात. मागचे छोटे सांधे सुटणं, आजारी मणका मागे नळीत सरकणं, कणा बाजूला घसरणं आणि वरचा मणका खालच्यावर कलंडणं, या त्या खुणा. यांतल्या दोनहून अधिक असतील तर ते मूल लवकर शस्त्रक्रियेसाठी पाठवायला हवं. म्हणजे वीस वर्षांनी येऊ शकणारा पांगळेपणा आज काही रुपयांच्या एक्स-रेवर वाचता येतो. त्यासाठी औषधं संपल्यावरही मूल वाढ पुरी होईपर्यंत दरवर्षी तपासणीला आलं पाहिजे, आणि त्याला बोलावणारं कुणीतरी असलं पाहिजे.

ज्यांचे पाय परतत नाहीत

सगळं वेळेवर करूनही काहींचे पाय परतत नाहीत. त्यांच्याबद्दल बोलायचं टाळणं हा अन्याय आहे. एकेकाळी असे रुग्ण मरत ते रज्जूच्या इजेने नव्हे, तर पाठीवरच्या शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये रज्जूच्या दुखापतींसाठी विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी कूस बदलण्यासारख्या साध्या शिस्तीने हे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिलं. अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये सांगितलं की रुग्णाने दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हातांनी स्वतःच नळी घालून लघवी काढावी. त्याने कायमच्या नळीपेक्षा मूत्रपिंडं अधिक सुरक्षित राहतात. या दोन्ही गोष्टी घरी, आई-बायको-भावाला शिकवता येतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून चालू असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, पुण्याजवळ खडकीला जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र नळी कशी घालायची हे शिकवणारा माणूस शोधावा लागतो.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली पांगळे झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची इजा गोळीची होती, क्षयाची नव्हे. पण पुनर्वसन मिळालं तर कंबरेखालची ताकद गेलेला माणूस काय करू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्राला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेला आहे. ते पुनर्वसन सैन्याच्या बाहेरच्या माणसालाही मिळायला हवं होतं.

काय करता येईल

आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक दुखऱ्या पाठीचा एमआरआय काढणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. पण सहा आठवड्यांहून अधिक काळ दुखणाऱ्या, रात्री जास्त दुखणाऱ्या, लहान मुलाच्या किंवा वजन उतरलेल्या माणसाच्या पाठीला चार गोष्टींशिवाय परत पाठवू नये. कण्यावरून बोट फिरवणं, घोट्याची उसळी पाहणं, तळपायावर रेघ ओढणं आणि लघवीबद्दल विचारणं, या त्या चार गोष्टी. आशाताईंना चपला निसटण्याची खूण सांगितली तर त्या ती घरोघर पोचवतील. ज्यांच्या घरात आधी क्षय होऊन गेला आहे, त्यांच्या पाठदुखीला पहिल्याच दिवशी वेगळ्या नजरेने पाहायला हवं.

क्षयरोगाच्या कार्यक्रमात किती रुग्ण नोंदले गेले आणि किती बरे झाले, याचा हिशेब ठेवला जातो. मणक्याच्या रुग्णांबाबत प्रत्येक जिल्ह्याने आणखी दोन प्रश्नांची उत्तरं ठळकपणे मांडावीत. नोंद झाली त्या दिवशी हा माणूस चालत होता का? औषधं संपली त्या दिवशी चालत होता का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या पाठदुखीपासून नोंदीपर्यंत तो कोणकोणत्या दारांत गेला आणि तिथे त्याचे पाय कुणी तपासले का, हे शोधून लिहून ठेवावं. हा हिशेब कुणाला शिक्षा करण्यासाठी नको. पुढचा रुग्ण त्याच दारातून आत येईल तेव्हा त्याला आधी झोपवून त्याच्या चपला काढायला सांगितलं जावं, यासाठी हवा.